ऊतीतले जीवनसत्त्व रंगवून दाखवता येते का?

नाशिकच्या एका महाविद्यालयात प्राणिशास्त्राच्या एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या विद्यार्थिनीने विचारले आहे की, बोकडाचे यकृत, मूत्रपिंड आणि अधिवृक्क (ॲड्रेनल) ग्रंथी यांच्या कापांमध्ये अ, ब आणि क जीवनसत्त्वे नेमकी कुठे असतात हे रासायनिक रंजनाने दाखवायचे असेल, तर कोणत्या जीवनसत्त्वासाठी कोणते रंजक वापरावे. तिच्याकडे फॉर्मेलीनमध्ये ठेवून तयार केलेले पॅराफीनचे ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेले ऊतींचे तुकडे, आहेत, विभागात साधा सूक्ष्मदर्शक आहे आणि शेजारच्या संस्थेतला जुना फ्लुरोसन्स सूक्ष्मदर्शक वापरायला मिळण्याची शक्यता आहे. ऊतींचे काप घेणे आणि रंगवणे हे काम मी याच शहरात तीस वर्षांहून अधिक काळ केले आणि शिकवले. त्या अनुभवावरून उत्तर देतो.

तुमच्याकडचे ब्लॉक अ आणि क जीवनसत्त्वांसाठी उपयोगाचे नाहीत, हे आधीच सांगितलेले बरे. क जीवनसत्त्व म्हणजे ॲस्कॉर्बिक आम्ल. ते पाण्यात सहज विरघळते, त्याचा रेणू लहान आहे आणि हवेत त्याचे झपाट्याने ऑक्सिडीकरण होते. फॉर्मेलीन प्रथिनांना जागच्या जागी बांधून ठेवते, या आम्लाला नाही. त्यामुळे रात्रभर फॉर्मेलीनमध्ये राहिलेल्या तुकड्यातून ते केव्हाच निघून गेलेले असते. अ जीवनसत्त्वाचे उलटे आहे. ते स्निग्ध थेंबांत विरघळलेले असल्यामुळे फॉर्मेलीन सहन करते, पण पुढे ब्लॉक करताना अल्कोहोल आणि झायलीन लागतात, आणि हे दोन्ही द्रव थेंब आणि त्यातले जीवनसत्त्व धुऊन नेतात. अशा ब्लॉकमधून कितीही सुंदर काप घेतला, तरी त्यात जीवनसत्त्वाची रिकामी जागा तेवढी दिसते. एका ब जीवनसत्त्वाच्या बाबतीत मात्र हेच ब्लॉक कामाला येतील. त्याकडे शेवटी येतो.

दुसरी गोष्ट प्रश्नाच्या मांडणीबद्दल आहे. ‘कोणत्या जीवनसत्त्वासाठी कोणते रंजक’ असा तक्ता करता येईल असे वाटते, पण जीवनसत्त्वाला ओळखणारे रंजक बहुतेक वेळा नसतेच. चांदीचा क्षार ओळखतो तो क्षपणशक्ती, म्हणजे समोरच्या पदार्थाची इलेक्ट्रॉन देऊन चांदीला धातुरूपात आणण्याची क्षमता. अतिनील प्रकाश ओळखतो तो चकाकणारा रेणू. ही क्षमता किंवा ही चकाकी त्या ठिकाणी दुसऱ्या कशामुळे आलेली नाही, हे सिद्ध करण्याची जबाबदारी आपली असते, आणि ती कंट्रोल स्लाइडनेच, म्हणजे काय दिसायला हवे हे आधीच ठाऊक असलेल्या तुलनेच्या स्लाइडनेच, पार पडते. म्हणून माझ्या मते या कामात रंजनापेक्षा दोन गोष्टी जास्त महत्त्वाच्या आहेत: प्राणी मेल्यानंतरची पहिली दहा मिनिटे आणि कंट्रोल.

आता क जीवनसत्त्वाकडे येतो, कारण साध्या सूक्ष्मदर्शकावर तुम्हाला खरोखर करता येईल असा प्रयोग हाच आहे. आल्बर्ट सेंट-ज्यॉर्जी यांनी १९२८ मध्ये अधिवृक्क ग्रंथींतून एक जोरदार क्षपणक पदार्थ वेगळा काढला आणि त्याला हेक्झ्युरॉनिक आम्ल असे नाव दिले. तेच पुढे क जीवनसत्त्व ठरले आणि १९३७ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. अधिवृक्क ग्रंथीत हे आम्ल शरीरातल्या इतर बहुतेक ऊतींपेक्षा कितीतरी दाट असते. १९३० च्या दशकात पॅरिसमध्ये जिरू आणि लब्लाँ यांनी आम्लयुक्त सिल्व्हर नायट्रेटची पद्धत बसवली, आणि आजही मूळ कल्पना तीच आहे. ताजा तुकडा अंधारात सिल्व्हर नायट्रेट आणि ॲसिटिक आम्लाच्या द्रावणात बुडवायचा. जिथे ॲस्कॉर्बिक आम्ल असेल तिथे चांदीचे काळे कण बसतात.

यात ॲसिटिक आम्लाचे काम समजून घ्या, कारण पद्धतीची सगळी मदार त्याच्यावर आहे. अल्कधर्मी किंवा उदासीन द्रावणात चांदीचे क्षपण करणारे पदार्थ ऊतींमध्ये पुष्कळ असतात. अधिवृक्क ग्रंथीच्या मज्जकातले, म्हणजे आतल्या गाभ्यातले, ॲड्रेनॅलीन हे त्यातले ठळक उदाहरण. सामू (पीएच) ४ च्या बराच खाली ठेवला की यातले बहुतेक पदार्थ मागे पडतात आणि ॲस्कॉर्बिक आम्ल तेवढे तत्काळ काम करत राहते. आम्लामुळे आणखी एक फायदा होतो: फॉस्फेट आणि कार्बोनेट यांच्याशी चांदीचे जे साके बसतात, तेही टळतात. क्लोराइडचा साका मात्र आम्लात विरघळत नाही, आणि नेमका तोच बहुतेकांचा प्रयोग बिघडवतो.

माझा स्वतःचा पहिला प्रयोग असाच बिघडला. तुकड्यावरचे रक्त धुऊन काढण्यासाठी डेक्स्ट्रोजचे द्रावण हवे होते, आणि मी मदतनीसाला ‘सलाईनची बाटली आणा’ असे सांगितले. आपल्याकडे शिरेतून देण्याच्या प्रत्येक बाटलीला सलाईनच म्हणतात. त्याने मीठ-पाण्याची आणली आणि मीही लेबल वाचले नाही. तुकडा सिल्व्हर नायट्रेटमध्ये टाकताच त्याच्याभोवती नासलेल्या दुधासारखे पांढरे दाट पापुद्रे जमले, खिडकीच्या उजेडात ते जांभळट आणि मग करडे झाले, आणि सूक्ष्मदर्शकाखाली सगळा काप सारखाच काळपट दिसला. तासभर मी त्यात जीवनसत्त्व शोधत होतो. ते सिल्व्हर क्लोराइड होते. तेव्हापासून नियम असा ठेवला की तुकडा धुवायचा तो ५ टक्के डेक्स्ट्रोजनेच, आणि तोही क्षणभरच. नळाचे पाणी या प्रयोगाच्या आसपासही येऊ देऊ नका. गंगापूर धरणाचे पाणी प्यायला उत्तम असले, तरी शुद्धीकरणानंतर त्यात जेवढे क्लोराइड असते तेवढे सिल्व्हर नायट्रेट गढूळ करायला पुरे होते. काचेची भांडीही शेवटी दोनदा ऊर्ध्वपातित पाण्यानेच धुवा.

ग्रंथी मिळवण्यासाठी प्राणी मारण्याची गरज नाही. मटणाच्या दुकानात आधी बोलून ठेवले, तर गुर्द्याभोवतीच्या चरबीसकट मागचा भाग लगेच काढून मिळतो. त्या चरबीत, मूत्रपिंडाच्या वरच्या आतल्या बाजूला, वालाच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी, घट्ट लागणारी तपकिरी ग्रंथी सापडते. नाशिकच्या डिसेंबर-जानेवारीतल्या सकाळी हे काम करा, एप्रिलच्या दुपारी नको. थंडी इथे तुम्हाला फुकट मिळते. बर्फाची पेटी, नवे ब्लेड आणि गडद बाटलीत तयार द्रावण घेऊनच जा आणि शक्य तर तिथेच काप करून बुडवा. द्रावण साधारण ५ ते १० टक्के सिल्व्हर नायट्रेटचे, आणि दर १०० मिलिलिटरला सुमारे ५ मिलिलिटर ग्लेशियल ॲसिटिक आम्ल. हातमोजे घाला; बोटांवर पडलेले काळे डाग कित्येक दिवस जात नाहीत आणि डोळ्यात थेंब गेला तर गंभीर इजा होते.

तुकडा १ मिलिमीटरपेक्षा जाड घेऊ नका. चांदी बाहेरून आत हळूहळू शिरते आणि ॲस्कॉर्बिक आम्ल आतून बाहेर तिच्या दिशेने सरकत असते; जाड तुकड्यात त्यामुळे कडेला काळी किनार आणि मध्ये फिकट भाग असे चित्र तयार होते, आणि नवशिक्या माणसाला तो बाह्यक (ग्रंथीचा बाहेरचा थर) आणि मज्जक यांच्यातला फरक वाटतो. याची खात्री करण्याचा सोपा उपाय असा की, ग्रंथी मधोमध कापून कापलेला पृष्ठभाग द्रावणाकडे ठेवायचा. आता बाह्यक आणि मज्जक दोघांनाही चांदी एकाच वेळी भेटते. तरीही बाह्यक काळे आणि मज्जक फिकट राहिले, तर तो फरक खरा. अर्ध्या तासाने तुकडा ऊर्ध्वपातित पाण्यात धुवायचा, न वापरलेली चांदी काढण्यासाठी सोडियम थायोसल्फेटच्या द्रावणात ठेवायचा, पुन्हा धुवायचा. त्यानंतर मात्र तो खुशाल अल्कोहोल, झायलीन आणि पॅराफीनमधून नेऊन त्याचा ब्लॉक करता येतो, कारण धातुरूपातली चांदी आता कुठे जात नाही. हे सगळे मंद लाल दिव्यात किंवा अंधारातच व्हायला हवे.

नीट जमलेल्या कापात बाह्यकाच्या मधल्या पट्ट्यातल्या, म्हणजे झोना फॅसिक्युलाटातल्या, पेशींच्या लांब रांगा बारीक काळ्या कणांनी भरलेल्या दिसतात. पेशीकेंद्राची जागा स्वच्छ आणि फिकट राहते. हे दृश्य पहिल्यांदा दिसते तेव्हा माणूस खुर्चीवरून उठून दुसऱ्याला बोलावतो. पण इथेच थांबायला शिका. कण पेशीत एका बाजूला जमलेले दिसतात म्हणून पूर्वी अनेकांनी क जीवनसत्त्व गॉल्जी पिंड या पेशीतल्या सूक्ष्म भागाजवळ साठते असे लिहिले, आणि त्यावर बराच वाद झाला. इतका लहान आणि विरघळणारा रेणू पेशीच्या आत काही मायक्रॉन सरकणार नाही, याची हमी ही पद्धत देत नाही. कोणता पट्टा, कोणत्या पेशी, इथपर्यंत तिच्यावर विश्वास ठेवावा. पेशीतला कोणता भाग, हे तिला विचारू नये.

कंट्रोल किमान तीन ठेवा. गाळणकागदावर ताज्या १ टक्का ॲस्कॉर्बिक आम्लाचा थेंब टाकून त्यावर तुमचे द्रावण टाकले की लगेच काळा डाग पडला पाहिजे. तो नाही पडला, तर द्रावणच खराब आहे. दुसरा तुकडा आधी ॲस्कॉर्बेट ऑक्सिडेज या एन्झाइममध्ये ठेवून मग चांदीत घाला. यात काळे कण नाहीसे झाले, तर पहिल्या तुकड्यातले कण ॲस्कॉर्बिक आम्लाचेच होते असे म्हणता येते. हे एन्झाइम काकडीत आणि लाल भोपळ्यात भरपूर असते, आणि म्हणून रस काढून वापरण्याचा मोह होतो; पण त्या रसात क्लोराइडही असते, तेव्हा विकतचे शुद्ध एन्झाइमच घ्या. तिसरा कंट्रोल म्हणजे त्याच प्राण्याचा स्नायू, ज्यात हे आम्ल बरेच कमी असते. आणि एक नोंद न विसरता करा: प्राणी कापण्याआधी किती वेळ बांधून ठेवला होता. मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीतून एसीटीएच हे संप्रेरक सुटले की अधिवृक्क ग्रंथीतले ॲस्कॉर्बिक आम्ल घटते. पांढऱ्या उंदरांमध्ये हा परिणाम इतका नेमका दिसतो की १९४८ मध्ये त्यावरून एसीटीएच मोजण्याची चाचणी तयार झाली. घाबरलेल्या, तासन्‌तास ताटकळलेल्या बोकडाची ग्रंथी फिकट निघाली, तर दोष रंजनाचा असेलच असे नाही.

बोकड आपले क जीवनसत्त्व यकृतात स्वतः तयार करतो, हेही अहवालात लिहा. गिनी पिगला आणि माणसाला ते जमत नाही, कारण त्या साखळीतले शेवटचे एन्झाइम त्यांच्यात तयार होत नाही. म्हणूनच आहारातून क काढून टाकलेला गिनी पिग हा या पद्धतीचा सर्वांत कडक कंट्रोल मानला गेला. तुमच्या प्रकल्पासाठी मी तो सुचवणार नाही. त्यासाठी संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची परवानगी लागते, आणि मुख्य म्हणजे, एन्झाइमने भागत असताना एखाद्या प्राण्याला स्कर्व्ही, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या अभावाचा आजार, होऊ देणे मला योग्य वाटत नाही.

अ जीवनसत्त्वासाठी फ्लुरोसन्स सूक्ष्मदर्शक लागतो. रंजक लागतच नाही. हे जीवनसत्त्व सुमारे ३२५ नॅनोमीटरच्या आसपासचा अतिनील प्रकाश शोषते आणि निळसर-हिरवा प्रकाश सोडते. यकृताचा ताजा किंवा थोडा वेळ फॉर्मेलीनमध्ये ठेवलेला तुकडा गोठवून क्रायोस्टॅटवर, म्हणजे गोठलेल्या ऊतीचे काप घेणाऱ्या यंत्रावर, १० मायक्रॉनचा काप घ्या, पाण्यात किंवा ग्लिसरीनमध्ये बसवा आणि खोली अंधारी करून पाहा. स्निग्ध थेंब लखकन उजळतात आणि पाहता पाहता विझतात. हे विझणे हाच पुरावा आहे. वय झालेल्या पेशींमधले लिपोफ्युसिन हे रंगद्रव्य पिवळट-नारिंगी चकाकते आणि चकाकत राहते. अ जीवनसत्त्वाची चकाकी अतिनील प्रकाशाने त्याचाच नाश होत असल्यामुळे थोड्याच वेळात मावळते. म्हणून कॅमेरा आधी लावून ठेवा, फोकस साध्या प्रकाशात करून घ्या आणि अतिनील झडप उघडल्याबरोबर पहिला फोटो घ्या. मग तीच जागा तशीच उघडी ठेवून थोड्या वेळाने दुसरा. हे दोन फोटो शेजारी शेजारी ठेवले की परीक्षकाला वेगळे काही सांगावे लागत नाही. ऑइल रेड ओ किंवा सुदान रंजकांनी हे थेंब लाल किंवा काळे होतील, पण मग सगळीच चरबी तशी दिसेल, आणि त्याला अ जीवनसत्त्वाचे रंजन म्हणणे चूक ठरेल. अँटिमनी ट्रायक्लोराइडने येणारा निळा रंग परीक्षानळीत फार चांगला दिसतो, पण क्लोरोफॉर्ममधले ते द्रावण कापातली चरबीच विरघळवते आणि निळा रंगही क्षणभराचाच असतो. कापांवर त्याच्या नादी लागू नका.

या जीवनसत्त्वाच्या बाबतीत एक जुनी हकिगत आहे, जी मी प्रत्येक तुकडीला सांगत आलो. १८७६ मध्ये कार्ल फॉन कुप्फर यकृतातले मज्जातंतू शोधत होते आणि त्यासाठी त्यांनी गोल्ड क्लोराइड वापरले. तंतूंऐवजी त्यांना ताऱ्यासारख्या फांद्या फुटलेल्या काळ्या पेशी दिसल्या आणि त्यांना त्यांनी तारका-पेशी म्हटले. पुढे, १८९८ मध्ये, शाईचे कण गिळणाऱ्या पेशी यकृताच्या रक्तवाहिन्यांत दिसल्यावर त्यांनी त्या आणि आपल्या तारका-पेशी एकच मानल्या. १९५० च्या सुमारास जपानमध्ये तोशिओ इतो यांनी यकृतातल्या चरबी साठवणाऱ्या वेगळ्याच पेशींचे वर्णन केले. अखेर १९७१ मध्ये केंजिरो वाके यांनी गोल्ड क्लोराइड, फ्लुरोसन्स आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक यांनी एकाच प्रकारच्या पेशींचा माग काढला आणि दाखवून दिले की सोन्याने काळ्या होणाऱ्या पेशी म्हणजे इतोंच्या अ जीवनसत्त्व साठवणाऱ्या पेशी, आणि शाई गिळणाऱ्या पेशी पूर्णपणे निराळ्या. रंजन १८७६ मध्येही बरोबर होते. ते नेमके कशाला रंगवते आहे हे कळायला ९५ वर्षे लागली. आज आपण त्यांना हेपॅटिक स्टेलेट पेशी म्हणतो. निरोगी प्राण्याच्या यकृतातले बहुतेक अ जीवनसत्त्व रेटिनिल एस्टरच्या रूपात त्यांच्यातच असते, आणि यकृत कठीण होण्याच्या आजारात याच पेशी आपला साठा गमावून तंतू विणू लागतात. गोल्ड क्लोराइड महाग आहे आणि लहरीही. फ्लुरोसन्स मिळत असेल तर तो खर्च करू नका.

ब गटाबद्दल थोडक्यात सांगतो, कारण रंजनाच्या दृष्टीने हा गट फारसा हाती लागत नाही. थायमिनचे (ब-१) अल्कधर्मी फेरिसायनाइडने थायोक्रोम होते आणि ते निळे चकाकते, पण ही परीक्षानळीतली चाचणी आहे. कापावर सगळे वाहून जाते. रायबोफ्लेविनची (ब-२) पिवळट-हिरवी स्वयंचकाकी असते, परंतु प्रथिनांना बांधल्यावर ती पुष्कळदा मंदावते. टेट्राझोलियम क्षारांनी सक्सिनेट डिहायड्रोजिनेजचे जांभळे रंजन करता येते आणि त्या एन्झाइममध्ये रायबोफ्लेविनपासून बनलेला एफएडी हा सहघटक बांधलेला असतो, हे खरे. पण तुम्ही दाखवता ते एन्झाइमचे काम, जीवनसत्त्व नव्हे. बी-१२ आणि फोलेट यांच्यासाठी साधे रंजन नाहीच. ड जीवनसत्त्वाचेही तेच; त्याची क्रियाशील रूपे कोणत्या पेशींच्या केंद्रात जाऊन बसतात हे १९७९ मध्ये किरणोत्सारी रेणू वापरून ऑटोरेडिओग्राफीनेच दाखवले गेले.

अपवाद बायोटिन या ब जीवनसत्त्वाचा, आणि इथे तुमचे ब्लॉक कामाला येतात. बायोटिन काही कार्बॉक्झिलेज एन्झाइमांना सहसंयोजी बंधाने जोडलेले असते, म्हणून फॉर्मेलीन, अल्कोहोल, झायलीन या सगळ्यांतून ते जागेवर टिकते. कोंबडीच्या अंड्याच्या पांढऱ्यातले ॲव्हिडिन त्याला विलक्षण घट्ट धरते. पेरॉक्सिडेज जोडलेले ॲव्हिडिन किंवा स्ट्रेप्टॅव्हिडिन लावून डीएबी या रंग देणाऱ्या रसायनाने रंग आणला, तर मूत्रपिंडाच्या नलिकांच्या पेशींत आणि यकृतपेशींत तपकिरी कणीदार रंग येतो, कारण ही एन्झाइमे मुख्यतः मायटोकॉन्ड्रियात असतात. काप आधी सायट्रेट बफरमध्ये तापवले तर रंग आणखी खुलतो. स्ट्रेप्टॅव्हिडिनच घ्या; ॲव्हिडिन विद्युतभारामुळे नको तिथेही चिकटते. ऊतीचे स्वतःचे पेरॉक्सिडेज आधी हायड्रोजन पेरॉक्साइडने निकामी करायला विसरू नका. कंट्रोलसाठी तेच स्ट्रेप्टॅव्हिडिन भरपूर मुक्त बायोटिनमध्ये मिसळून लावा. त्याच्या चारही जागा भरल्यामुळे त्या कापावर रंग येता कामा नये. रोगनिदानाच्या प्रयोगशाळांत काम करणाऱ्यांना हाच तपकिरी रंग वेगळ्या कारणाने परिचयाचा आहे. ॲव्हिडिन-बायोटिनवर आधारलेली प्रतिपिंड चाचणी यकृतावर किंवा मूत्रपिंडावर केली की ऊतीतले हे बायोटिन खोटा होकार देते, आणि ते आधी झाकून घेतले नाही तर निदान चुकू शकते. त्यांचा जो अडथळा आहे, तोच तुमचा प्रयोग आहे.

अहवालात प्रमाणाबद्दल काही लिहू नका. काळे कण जास्त दिसले म्हणून क जीवनसत्त्व दुप्पट आहे, असे या पद्धतींवरून म्हणता येत नाही. त्यासाठी ऊती वाटून एचपीएलसी या पदार्थ वेगळे करून मोजणाऱ्या तंत्राने मोजावे लागते. निफाड-सिन्नर भागातले कुक्कुटपालक कधी कधी विचारतात की मेलेल्या कोंबडीचे यकृत रंगवून अ जीवनसत्त्वाची कमतरता सांगता येईल का. त्यांना मी यकृत मोजणीसाठी आणि अन्ननलिका नेहमीच्या, साध्या हिमॅटॉक्सिलिन-इओसिन रंजनाच्या कापासाठी पाठवायला सांगतो, कारण कमतरतेत अन्ननलिकेतल्या श्लेष्मग्रंथींचे अस्तर बदलून चपट्या, केराटिनयुक्त पेशींचे होते आणि ते कोणत्याही विशेष रंजनाशिवाय दिसते.

चित्राखालच्या ओळीत ‘अधिवृक्क बाह्यकातील क जीवनसत्त्व’ एवढेच न लिहिता ‘आम्लयुक्त सिल्व्हर नायट्रेटचे क्षपण, ॲस्कॉर्बेट ऑक्सिडेजने नाहीसे होणारे’ असे लिहा, आणि कंट्रोलचा फोटो त्याच पानावर, त्याच मोठेपणाचा छापा. ॲस्कॉर्बिक आम्लाचे ऑक्सिडीकरण झालेले रूप चांदीला प्रतिसाद देत नाही, हेही तिथेच नोंदवा. क्रायोस्टॅटची वेळ मिळाली की यकृत आणि अधिवृक्क ग्रंथी एकाच सकाळी घ्या. ग्रंथीचे तुकडे चांदीच्या द्रावणात असताना मधला अर्धा तास यकृत गोठवायला पुरतो.